'सरस्वती' महासमूह आणि स्थूलारुंधतीन्याय

सन २०१७ च्या जुलै महिन्यात पुण्याच्या 'आयुका' ह्या संस्थेने एक शोध जाहीर केला. जयदीप बागची आणि त्यांचे सहकारी ह्यांना मीन राशीत, आपल्यापासून सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह आढळला होता. ह्या सहकाऱ्यांत आयुकाचे तत्कालीन संचालक सोमक रायचौधरी आणि पुण्याच्याच 'आयसर'मधील शिशिर सांख्यायन हे होते. महासमूहाचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे, आणि वस्तुमान सूर्याच्या २ कोटी अब्जपटींहून अधिक. निबंध 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि महासमूहास नाव दिले गेले 'सरस्वती'.

ही बातमी आमच्या समाजात पोहोचली तेव्हा जो आनंद झाला त्यास आम्हीही अपवाद नव्हतो. हुबळी-धारवाडकडच्या घराघरांतून 'आपली सरस्वती आकाशात सापडली' असे निरोप फिरले. कोणास त्यात लुप्त नदीचे पुनर्दर्शन झाले, कोणास देवीचा कौल मिळाला. संशोधकांनी नावाचे जे कारण सांगितले ते मात्र साधे होते : प्राचीन ग्रंथांतील एका मोठ्या नदीचे आणि विद्येच्या देवतेचे हे नाव. त्यात आमच्या ज्ञातीचा कोठेही उल्लेख नाही. वारसा सांगणाऱ्याने आधी नाते शाबीत करावे, असा आमच्या पेशाचा दंडक आहे. येथे नात्याचा कागद एवढाच की नावातील पहिली तीन अक्षरे जुळतात. असो. आनंद निष्पाप होता आणि त्याबद्दल कोणावर फिर्याद करण्याची आमची इच्छा नाही.

आमची हरकत निराळी आहे, आणि ती शोधाविरुद्ध नसून आपण मराठी वाचकांनी तो ज्या रीतीने वाचला त्या रीतीविरुद्ध आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या मराठी मजकुरांत विस्ताराचा आकडा होता, वस्तुमानाचा होता, '४३ समूह आणि सुमारे ४०० दीर्घिका' असाही होता. हे ४०० म्हणजे कोण, कोणत्या कसोटीने निवडलेले, आणि निवडीत जे आले नाहीत ते किती, हे मात्र कोणी विचारलेले दिसले नाही. ज्योतिषाच्या एका शाखेचे सारे कार्य ह्याच प्रश्नावर उभे आहे. समूहातील तेजस्वी दीर्घिका किती, मध्यम किती, मंद किती, आणि तेज कमी होत जाते तसतशी संख्या कोणत्या प्रमाणात वाढत जाते, हे ती शाखा तपासते. तिच्या दृष्टीने ४०० ही संख्या एका प्रश्नाचा आरंभ आहे.

नावाविषयी आणखी दोन शब्द लिहितो, कारण नाव ज्यांनी ठेवले त्यांच्या हातून भाषेच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट घडली आहे. 'सरस्' म्हणजे तळे, आणि 'सरस्वती' म्हणजे जिच्या ठायी पुष्कळ तळी आहेत ती. इंग्रजीतील 'गॅलॅक्सी'साठी मराठीत रूढ झालेला 'दीर्घिका' हा शब्दही मुळात तळ्याचाच, लांबट बांधीव तळ्याचा. देवळापुढील तळीस संस्कृत काव्यकारांनी खुशाल दीर्घिका म्हटले असते; उणकलच्या तळ्यासही म्हणता येईल. तेव्हा दीर्घिकांच्या महासमूहास 'सरस्वती' म्हणणे म्हणजे तळ्यांच्या प्रदेशास तळ्यांची असे म्हणणे होय. वर्तमानपत्रांनी मात्र बहुधा '४०० आकाशगंगा' असे लिहिले. आकाशगंगा एकच, जिच्यात आपण राहतो ती; इतरांस ते नाव देणे म्हणजे प्रत्येक नदीस कृष्णा म्हणणे.

आता त्या ४०० कडे वळू. 'सरस्वती'चा शोध ज्या नोंदींवरून लागला त्या 'स्लोन' नावाच्या आकाशसर्वेक्षणातील आहेत. ह्या सर्वेक्षणाने लक्षावधी दीर्घिकांचे वर्णपट घेऊन त्यांची अंतरे काढली. परंतु वर्णपट घेण्यास प्रकाश पुरेसा हवा, म्हणून कोणाचा घ्यावा ह्याची मर्यादा आधीच आखलेली होती. ताऱ्यांच्या तेजाची 'प्रत' जितकी मोठी तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट, हे वाचकांस ठाऊक असेल. त्या सर्वेक्षणाच्या मुख्य यादीची मर्यादा १७.७७ प्रत अशी होती. त्याहून मंद असल्या तरी अंगभूत तेज फार मोठे असलेल्या तांबड्या दीर्घिका दूरवरच्या नकाशासाठी वेगळ्या निकषाने घेतल्या होत्या. आपली आकाशगंगा, जिच्यात अब्जावधी सूर्य आहेत, ती उचलून 'सरस्वती'च्या अंतरावर ठेवली तर सुमारे २० व्या प्रतीची दिसेल, म्हणजे मुख्य यादीच्या मर्यादेहून सातआठ पटींनी मंद. ज्या यादीत आपणच बसत नाही त्या यादीवरून आपण त्या प्रदेशाची लोकसंख्या सांगू लागलो होतो! 'सरस्वती'चे ज्ञात सभासद मुख्यतः तेथील बडे घराणेदार आहेत.

ह्यात संशोधकांचा दोष काडीमात्र नाही. निबंध वाचणारास निवडीची कसोटी स्पष्ट दिसते. त्यांनी जे केले त्यास आपल्या शास्त्रात एक जुने नाव आहे. विवाहात वधूला अरुंधतीदर्शन करवितात. अरुंधती मंद, एकदम दाखवून ती दिसत नाही. म्हणून प्रथम जवळचा ठळक तारा दाखवावयाचा, 'हीच ती' असे म्हणावयाचे, दृष्टी तेथे स्थिर झाली की तो सोडून तिच्या बाजूच्या बारीक ताऱ्याकडे न्यावयाचे. ह्यास स्थूलारुंधतीन्याय म्हणतात आणि आचार्यांनी तो ब्रह्मविद्येच्या पायऱ्यांसाठी वापरला आहे. तेजस्वी तांबड्या दीर्घिका ह्या अशाच खुणेच्या. त्यांनी प्रदेश दाखविला, प्रदेशाची सीमा दाखविली, 'एबल २६३१' हा त्याच्या गाभ्याचा समूह दाखविला. पुरोहिताने बोट दाखविले आणि आपण पहिल्याच ताऱ्यापाशी थांबून अक्षता टाकल्या, एवढीच आमची तक्रार आहे.

थांबल्याने काय बिघडते ते पाहू. स्वीडनचे गुन्नार मालम्‌क्विस्ट ह्यांनी १९२२ मध्ये एक गोष्ट गणिताने मांडली : ठरावीक तेजाच्या मर्यादेपर्यंत जे दिसते तेवढेच मोजले तर दूरच्या भागात केवळ तेजस्वी वस्तूच हाती लागतात आणि सरासरी फुगते. रात्री दूरच्या टेकडीवरून एखाद्या देवळाचा दीपोत्सव पाहणाऱ्याला दीपमाळ तेवढी दिसते, पायऱ्यांवरच्या पणत्या दिसत नाहीत. त्याने 'येथे केवळ दीपमाळा लावतात' असे लिहून ठेवले तर त्याचे डोळे खोटे नाहीत, पण त्याचा लेख चुकीचा आहे.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हा वाद मोठ्या माणसांत झाला. एडविन हबल ह्यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात असे मत दिले होते की दीर्घिकांचे तेज एका मध्यम आकड्याभोवती गोळा झालेले असते. फार तेजस्वी थोड्या, फार मंदही थोड्या. आलेख काढल्यास देवळातील घंटेसारखा. कॅलिफोर्नियातीलच फ्रिट्झ झ्विकी ह्यांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे की मंद बाजूस आलेख खाली येत नाही, वरच चढत जातो; तुम्हांस तिकडे दिसत नाही म्हणून तुम्ही तो खाली आणता. झ्विकी तोंडाचे फटकळ, सहकाऱ्यांशी त्यांचे फारसे पटत नसे. अशा माणसाचे म्हणणे खरे असले तरी ते ऐकून घेण्यास लोकांना वेळ लागतो, हे आम्ही कोर्टात नित्य पाहतो. दरम्यान १९३८ मध्ये हार्लो शॅप्ली ह्यांनी आपल्या आकाशगंगेच्या अगदी शेजारी, सुमारे ३ लाख प्रकाशवर्षांवर, 'स्कल्प्टर' तारकासमूहात एक अतिशय विरळ दीर्घिका दाखवून दिली. शेजारच्या अंगणातली वस्तू, आणि ती तोवर कोणी पाहिली नव्हती! त्यानंतर घंटेचा आकार टिकणे कठीण झाले.

निकाल लागण्यास पन्नास वर्षे गेली आणि जो लागला तो फार सुंदर आहे. बिंगेली, सँडेज आणि टॅमन ह्या तिघांनी कन्या राशीतील समूहाची यादी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा हा जवळचा मोठा समूह. चिली देशातील वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या छायापट्टिका डोळ्यांनी तपासून त्यांनी २०९६ दीर्घिकांची नोंद केली. पुढे १९८८ मध्ये त्यांनी दाखविले की सर्पिल दीर्घिका घेतल्या तर त्यांचा आलेख हबलच्या घंटेसारखाच येतो, आणि मंद लंबवर्तुळाकार खुज्या दीर्घिका घेतल्या तर तो झ्विकी म्हणत त्याप्रमाणे चढत जातो. दोन्ही पक्षकार खरे. दोघांचे अशील निराळे होते, एवढेच.

ह्या २०९६ च्या यादीतील एका गोष्टीने आमच्यातील वकिलास मोह घातला, तो येथे कबूल करतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने वस्तुस्थितीचे तीन वर्ग केले होते : शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी त्या तीन व्याख्या त्यात कायम आहेत. सामान्य माणूस दोनच वर्ग ओळखतो, खरे आणि खोटे. तिसरा वर्ग, ज्यात गोष्ट आहे असेही ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही, तो समजावून सांगता सांगता आमचे निम्मे आयुष्य गेले. कन्या समूहाच्या यादीत हेच तीन वर्ग आहेत. १२७७ दीर्घिका निश्चित सभासद. २४५ निश्चित परक्या, म्हणजे समूहाच्या मागे दूर असलेल्या. आणि ५७४ 'संभाव्य'. मंद दीर्घिकांची अंतरे मोजण्याइतका प्रकाश हाती नव्हता. तेव्हा त्या तिघांनी चेहऱ्यावरून, म्हणजे आकृती आणि पृष्ठतेज पाहून, ओळख ठरविली. जेथे ठरेना तेथे तसे लिहून ठेवले. ५७४ म्हणजे एकूण यादीचा चौथा हिस्सा, इतके 'शाबीत न झालेले' छापून मोकळे होण्यास धैर्य लागते. आमच्या मते त्या यादीची खरी थोरवी १२७७ मध्ये नाही, ह्या ५७४ मध्ये आहे.

आता उलट बाजू. मंद दीर्घिकांची बाजू घेणाराने भावनेच्या आहारी जाऊ नये, म्हणून आम्ही आमच्याच पक्षाविरुद्ध एक मुद्दा मांडतो. पॉल शेक्टर ह्यांनी १९७६ मध्ये तेजाच्या वाटपाचे एक सूत्र दिले. एका विशिष्ट तेजाच्या वर दीर्घिकांची संख्या झपाट्याने कोसळते. त्याच्या खाली ती सावकाश वाढत जाते. शेक्टर ह्यांनी काढलेल्या प्रमाणाने तेज दहापट कमी झाले की त्या पायरीवरील संख्या सुमारे पावणेदोन पट होते. हिशेब करा. एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धारास १०,००० रुपये देणारे १०० असले आणि १,००० देणारे १७८, तर पहिल्यांचे १० लाख होतात, दुसऱ्यांचे १ लाख ७८ हजार. १०० रुपये देणारे ३१७ घेतले तर त्यांचे ३१,७०० च होतात. माणसे खालच्या पायरीवर अधिक, पैसा वरच्या पायरीवर. समूहाचा बहुतेक प्रकाश आपल्या आकाशगंगेसारख्या मोठ्या दीर्घिकांतून येतो आणि मंद दीर्घिका, संख्येने कितीही असोत, त्यात फारशी भर घालीत नाहीत. गोव्यातील एका देवालयाच्या सभामंडपात संगमरवरी देणगीफलकासमोर उभे असता हे गणित आम्हांस प्रथम नीट उमजले. फलक पाहून 'हे देऊळ बड्यांनी बांधले' असे म्हणणारा, पैशापुरता पाहिला तर, बरोबर असण्याचा संभव आहे. 'हे देऊळ बड्यांचे आहे' असे त्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यास मंडळाचे मतदान दरडोई होते की देणगीप्रमाणे, हे पाहावे लागेल.

विश्वाच्या बाबतीत मतदान कशावर होते? ते प्रकाशावर होत नाही, वस्तुमानावर होते, आणि येथे मंद दीर्घिकांची साक्ष अचानक भारी होते. १९८३ मध्ये मार्क आरोन्सन ह्यांनी आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या 'ड्रॅको' नावाच्या खुज्या दीर्घिकेतील तीन ताऱ्यांचे वेग मोजले. केवळ तीन! त्यांच्या वेगांतील फरक इतका होता की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाने ती दीर्घिका एकत्र राहणे अशक्य होते. बराचसा भाग न दिसणाऱ्या द्रव्याचा असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. तीन साक्षीदारांवर एवढा मोठा निष्कर्ष कोणत्या न्यायालयाने मान्य केला असता आम्ही सांगू शकत नाही. परंतु पुढे त्याच दीर्घिकेतील शेकडो ताऱ्यांनी तीच जबानी दिली. आज असे मानले जाते की दीर्घिका जितकी मंद तितका तिच्यातील अदृश्य द्रव्याचा वाटा सामान्यतः मोठा. प्रकाशाच्या हिशेबात नगण्य ठरलेल्या ह्या दीर्घिका अदृश्याच्या हिशेबात पहिल्या साक्षीदार आहेत. १९९९ मध्ये संगणकावरील गणितांनी आकाशगंगेभोवती शेकडो उपग्रह-दीर्घिका असाव्यात असे भाकीत केले, तेव्हा ज्ञात होत्या जेमतेम बाराच्या आसपास. अदृश्य द्रव्याचा सिद्धांतच चुकला की काय, अशी शंका उठली. त्यानंतर ज्या स्लोन सर्वेक्षणाने 'सरस्वती' दाखविली त्यानेच २००५ पासून आपल्या शेजारच्या अतिमंद दीर्घिका एकामागून एक उघड केल्या. आता ती संख्या पन्नाशीच्या पुढे गेली आहे. त्यांतील काहींचे एकूण तेज आपल्या सूर्याच्या काही शेपट इतकेच. एक तेजस्वी तारा एकटा तेवढा उजेड देतो.

मंद वस्तूंची मोजणी सिद्धांताचे भवितव्य ठरविते, ह्याचे एक उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल ह्यांनी १९६१ मध्ये रेडिओ-उगमांची गणती जाहीर केली. मंद उगमांची संख्या अपेक्षेहून अधिक भरली, आणि त्यावरून विश्व सर्वकाळ एकसारखे आहे हा फ्रेड हॉईल ह्यांचा स्थिर-विश्वाचा सिद्धांत बाद ठरतो असे राइल म्हणाले. हॉईल ह्यांच्या बाजूने उत्तर देण्यात कोल्हापुरात जन्मलेला, बनारसमध्ये वाढलेला, तेविशीही न गाठलेला एक विद्यार्थी होता : जयंत नारळीकर. गुरुशिष्यांनी मांडलेला बचाव असा की उगम सर्वत्र सारखे पसरलेले नसून महासमूहांच्या प्रमाणावर गोळा झालेले असतील आणि आपण विरळ भागात असू, तर मोजणी अशीच दिसेल. म्हणजे मंद उगम अधिक नाहीत, जवळचे उगम कमी आहेत. दावा अखेर राइल ह्यांच्या बाजूने गेला. १९६५ मध्ये सापडलेल्या पार्श्वप्रारणाने स्थिर-विश्वाचा आधार आणखी काढून घेतला. बचावातील एक कलम मात्र जिवंत राहिले : विश्व महासमूहांच्या प्रमाणावर विषम आहे, हे. तेव्हा महासमूह मानावेत की नाही हेच वादग्रस्त होते. त्याच नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली आणि त्याच संस्थेने २०१७ मध्ये 'सरस्वती' दाखविली. हा धागा 'सारस्वत' शब्दाच्या साम्याहून पुष्कळ बळकट आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा मराठीत जे लिहिले गेले त्यात तो आम्हांस क्वचितच दिसला, ह्याचे वाईट वाटते.

नारळीकरांविषयी लिहिताना मराठी शास्त्रलेखनावर दोन शब्द लिहिणे ओघानेच येते. 'आकाशाशी जडले नाते'सारख्या ग्रंथाने मराठी वाचकास सूर्यमालेपासून विश्वरचनेपर्यंतचा पल्ला आपल्या भाषेत चालवून दाखविला, हे ऋण मोठे आहे. त्यांच्यानंतरच्या लेखनात, विशेषतः नियतकालिकांतल्या, अद्भुतरस मात्र फार झाला आहे. सर्वांत मोठे, सर्वांत दूर, सर्वांत जुने! शास्त्रीय लेखात संख्या आली की तिच्याबरोबर तिची मर्यादा यावी, जशी खरेदीखतात जमिनीबरोबर चतुःसीमा येते. चतुःसीमा नसलेले खत आम्ही नोंदवून घेत नाही.

परिभाषेचीही तीच कथा. मंद, लहान दीर्घिकांस कोणी 'खुजी' म्हणतात, कोणी 'बटु'. ज्याचे तेज आकाशगंगेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, त्यास साधारणपणे हे नाव मिळते. 'खुजी' शब्दात व्यंगाची छटा आहे, आणि ह्या दीर्घिकांत व्यंग काही नाही. 'बटु' कानास गोड लागतो, मुंजीतला मुलगा डोळ्यांपुढे येतो, वामनाचीही आठवण होते. परंतु तोच शब्द वयाच्या बाबतीत फसवितो. अतिमंद दीर्घिकांतील बहुतेक तारे १२ अब्ज वर्षांच्या आसपासचे आहेत. मोठ्या दीर्घिका अशा लहानांस गिळून वाढल्या, असे आजचे मत आहे. १९९४ मध्ये सापडलेली धनु राशीतील खुजी दीर्घिका आपल्या आकाशगंगेकडून आजही फाडली जात आहे. तेव्हा ज्यास आपण बटु म्हणतो तो घरातला सर्वांत वडीलधारा निघतो. आमचे मत 'लघुदीर्घिका' ह्या साध्या शब्दाच्या बाजूने आहे. त्यात आकारापलीकडे काही गृहीत धरलेले नाही. ह्या मासिकाच्या कोंकणी विभागातील जाणकारांनी आपल्या भाषेतील एखादा बरा शब्द सुचविला तर आम्ही आनंदाने मागे सरू.

आणखी एक अडचण राहिली, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. मंद असणे म्हणजे केवळ एकूण प्रकाश कमी असणे नव्हे. प्रकाश पुष्कळ असेल पण तो इतका पातळ पसरलेला असेल की रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडात बुडून जाईल. मायकेल डिझ्नी ह्यांनी १९७६ मध्ये हा मुद्दा लावून धरला : दीर्घिका फार दाटीची असली तर ताऱ्यासारखी दिसून सुटते, फार विरळ असली तर आकाशात विरून सुटते, आपण ज्यांस सर्वसाधारण म्हणतो त्या केवळ मधल्या फटीत सापडलेल्या. पुढे कन्या समूहात विरळ लघुदीर्घिका शोधत असता एक अंधूक डाग सापडला, आणि अंतर काढल्यावर तो समूहाच्या कितीतरी मागे, १ अब्ज प्रकाशवर्षांहून दूर निघाला. 'मालिन १' नावाची ही दीर्घिका ज्ञात सर्पिलांतील अत्यंत विशाल दीर्घिकांपैकी एक ठरली. शोधावयास गेले लहान, हाती लागला महाकाय, आणि तोही इतका काळ केवळ मंद म्हणून लपून राहिलेला! २०१५ मध्ये तर बाजारात मिळणारी छायाचित्रणाची भिंगे एकत्र जोडून केलेल्या एका उपकरणाने कोमा समूहात अशा ४७ अतिविरळ दीर्घिका दाखविल्या. आकाराने आपल्या आकाशगंगेएवढ्या, तारे मात्र अत्यल्प. तो समूह ज्या तारकासमूहात आहे त्यास मराठीत अरुंधतीकेश म्हणतात. हे नाव देणाराच्या मनात काय होते कोणास ठाऊक, पण अरुंधती येथेही बारीकच आहे.

'सरस्वती'त अशा दीर्घिका किती असतील? शेक्टरचे सूत्र तेथे लागू करून अंदाज बांधता येईल, आणि तो प्रत्यक्ष दिसलेल्या संख्येच्या कितीतरी पट येईल. पण त्यास पुरावा म्हणता येणार नाही. त्या दीर्घिका आज 'शाबीत न झालेल्या' ह्या वर्गात आहेत, आणि तेथेच त्यांना राहू द्यावे. चिलीतील वेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एक कन्या समूहाच्या भागाचे होते. तिचे दहा वर्षांचे नियोजित सर्वेक्षण विषुववृत्ताजवळचा पट्टाही घेणार आहे, आणि 'सरस्वती' त्याच पट्ट्यात पडते. कन्येच्या यादीतील ज्या संभाव्य नावांचा निर्णय अद्याप लागलेला नाही, त्यांच्याविषयी बोलू शकेल असा नवा साक्षीदार त्या चित्रांतून उभा राहील.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास, रात्री साडेआठला, धारवाडहून पाहिल्यास पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर आलेला असतो, आणि कृत्तिका पूर्वेस वर चढलेल्या असतात. कृत्तिका कोणी सहा म्हणतात, कोणी सात. तैत्तिरीय परंपरेत सात नावे आहेत : अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणीका. कार्तिकेयाच्या कथेत मात्र सहाच माता, कारण सप्तर्षींच्या पत्नींपैकी अरुंधती त्यांत नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये त्याच पुंजात चाळीसच्या आसपास नवे तारे पाहिले. आज तेथील सभासद हजाराहून अधिक धरतात. त्या चौकोनाच्या दक्षिणेस, माथ्यापासून थोडे खाली, मीन राशीत जो भाग अगदी रिकामा दिसतो तेथे 'सरस्वती' आहे. तिच्यातील एकही दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तेजस्वी नाही आणि मंदही नाही. त्या रात्री आमच्या घरासमोरच्या देवळात पणत्या लावून होईपर्यंत नऊ वाजतात, आणि तोवर तो भाग पश्चिमेकडे कलू लागलेला असतो.